फटी बुजवणारा हारून

हारून सोलकरला फट सहन होत नसे. खिडकीच्या चौकटीत, दाराखाली, पत्र्याच्या सांध्यात, कुठेही नखाएवढी जागा दिसली की त्याचा हात आपोआप कमरेच्या पिशवीत जाई आणि चंदेरी टेपचं भेंडोळं बाहेर येई. मस्कतच्या बौशर भागातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरातसुद्धा मीटरच्या पेटीचं भोक, मोरीच्या नळाचा कोपरा, फ्रिजच्या मागची भिंत, जिथे तिथे ती टेप चकाकत असे. त्याची बायको खैरुन्निसा आल्यागेल्याला सांगे, "एका जागी फार वेळ बसू नका हां. नायतर ह्ये तुमच्या नाकालाही लावतील."

ही सवय वडिलांची. हर्णैच्या बंदरात ते होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ कोंबून बुजवत. होडी पाण्यात जायच्या आदल्या दिवशी ते आत पालथे पडून सगळ्या लाकडावरून तळहात फिरवत, झोपलेल्या गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. हारून दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकला, मग चिपळूणला फ्रिज आणि एसीचं काम शिकला, आणि बाविसाव्या वर्षी मस्कतच्या जुन्या बाजारात, मत्रहला, एका दुकानात कामाला लागला. तिथून एका एअर कंडिशनिंग कंपनीत. आता त्याला बावन्नावं वर्ष चालू होतं. मधल्या तीस वर्षांत त्याने मस्कतच्या शेकडो घरांना थंड हवा पोचवली. जूनमध्ये जिथे दाराची कडी हाताला चटका देते तिथे थंड हवा म्हणजे घरातलं पाणीच, एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. हारून तो जाऊ देत नसे. त्याच्या हातचं काम बिघडलं म्हणून त्याला परत जावं लागलं, असं एकदाही झालं नव्हतं. कंपनीतली माणसं अशा परत जाण्याला 'दुसरा फेरा' म्हणत. दुसरा फेरा सगळ्यांना पडे, हारूनला पडत नसे, आणि ही गोष्ट तो स्वतः कधी बोलून दाखवत नसे, कारण बाकीचे सगळे बोलतच असत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला जबल अखदरवर पाठवलं. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंच असलेलं हे पठार. खाली मस्कतमध्ये लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडत असतात तेव्हा वर हौदातल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. सैक गावाच्या टोकाला अहमद नावाच्या गृहस्थाने आपल्या म्हाताऱ्या आईसाठी नवं घर बांधलं होतं, आणि या घराला थंड नव्हे, गरम हवा हवी होती. त्यासाठी परदेशातून गॅसवर चालणारी भट्टी आली होती. पुरुषभर उंच लोखंडी पेटी. खाली गॅसची ज्योत, बाजूला हवा ढकलणारा ब्लोअर, वरून छपराबाहेर गेलेली चिमणी, आणि खोल्याखोल्यांत गरम हवा नेणारे पत्र्याचे डक्ट. कोठीच्या छोट्या खोलीत ती उभी केली होती.

हारूनने पोटात विस्तव असलेलं यंत्र जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पण ब्लोअर ओळखीचा होता, डक्ट ओळखीचे होते, म्हणून त्याला परकं वाटलं नाही.

बरोबर दयानंद होता. दयानंद राजापूरचा, वायरिंग करणारा, आणि यंत्राची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारा कंपनीतला एकमेव माणूस.

"हारूनभाई, यात म्हणतात गरम हवेसाठी ब्लोअरची लाल वायर जोडा. लाल म्हणजे हळू."

"आणि काळी?"

"काळी म्हणजे पूर्ण जोर. ती थंड हवेची."

"शेवटची खोली किती लांब आहे बघितलीस? लाल लावली तर तिथे फुंकरसुद्धा पोचायची नाय. काळी लाव."

"पण पुस्तकात..."

"पुस्तक लिहिणारा हे घर बघायला आला होता काय रे? यल्ला, चल, काळी लाव."

दयानंदने काळी लावली. मग भिंतीवर थर्मोस्टॅट बसला, सकाळी सहा ते अकरा भट्टी जोरात चालावी असं वेळापत्रक त्यात भरलं गेलं. डक्टच्या तोंडाशी हवेत ओलावा सोडणारा डबा बसला. हवेचा फिल्टर बसला. शेवटी हारूनने आपल्या पद्धतीने कोठीच्या भिंतींवरून तळहात फिरवला आणि तो थबकला. दाराच्या खालच्या भागाला आडव्या पट्ट्यांची जाळी होती, आणि भिंतीत छताजवळ वीतभर रुंद नळी थेट बाहेर उघडत होती. तिच्यातून बर्फासारखा वारा आत येत होता.

"एवढं मोठं भोक! मिस्त्री बुजवायचं विसरला." त्याने नळीत थर्मोकोल कोंबलं, वरून टेपचे दोन थर दिले. दाराची जाळीही आतून टेपने बंद केली. फक्त फिल्टरचं झाकण तेवढं टेपशिवाय राहिलं, कारण ते दर महिन्याला उघडावं लागतं. मग त्याने पुन्हा तळहात फिरवला. कुठूनही वारा येत नव्हता. त्याला फार बरं वाटलं.

जानेवारीच्या नवव्या तारखेला, गुरुवारी, त्याला दुसरा फेरा पडला.

अहमदने ऑफिसात फोन करून जे सांगितलं ते ऐकून तिथला माणूस हसला होता. हारूनला सांगतानाही हसत होता. "म्हणतो, यंत्र चालू झाल्यापासून घरात कुणीतरी श्वास घेतं. त्याच्या आईच्या पायाशी कुणीतरी येऊन बसतं. तुझं मशीन आहे, तूच विचार त्याला, कोण बसतं."

खैरुन्निसाने डबा भरता भरता विचारलं, "काय वो, तीस वर्षांत पयला दुसरा फेरा. शेजारी पेढे वाटू काय?"

"खैरू, गप."

"मी काय म्हणते, स्वेटर घ्या. आणि ती टेप ऱ्हाऊ द्या घरात, माझी शपथ आहे."

हारूनने स्वेटर घेतला. टेप पिशवीतच होती.

दयानंद त्या दिवशी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत कामावर होता, म्हणून हारून एकटाच निघाला. घाटाच्या पायथ्याशी, बिरकत अल मौझला, पोलिसांनी गाडीला चारही चाकांची ताकद आहे ना ते पाहिलं आणि घाट सुरू झाला. वर जाता जाता धुकं लागलं. डाळिंबाची झाडं निष्पर्ण उभी होती, त्यांच्या पायऱ्या पायऱ्यांच्या वाफ्यांत माणूस दिसेना. साडेआठला तो अहमदच्या अंगणात उतरला तेव्हा त्याला सगळ्यांत आधी दिसली ती अहमदची गाडी. तिच्या टपावर एक पेटी, एक जुनी गादी आणि गुंडाळलेला गालिचा दोरीने आवळून बांधला होता.

अहमद पन्नाशीचा, मस्कतला सरकारी कचेरीत नोकरी, हिंदी चांगली बोले. आठवडाभर तो खाली असे आणि शुक्रवार-शनिवार वर येई; या वेळी रजा काढून आधीच आला होता. दिवसातून दोनदा शेजारची बाई जेवण आणून देई. बाकी वेळ आई एकटी.

"बघ तुला काय बघायचं ते," तो म्हणाला. "दुपारी मी आईला मस्कतला नेतोय. कायमची. घराला कुलूप."

"उम्म अहमद तयार आहेत?" हारूनने विचारलं. म्हातारीला गावात सगळे असंच म्हणत, अहमदची आई.

"तयार?" अहमदने गाडीकडे हात केला. "ती म्हणते, खाली नेलंस तर मी महिनाभरात मरेन. इथे ठेवली तर ती माझ्याकडे बघत असते आणि मला ओळखत नाही. आयतींचं पठण करणाऱ्यांना बोलावलं. ते म्हणाले, घर कुणाच्या तरी वाटेवर बांधलंय. मस्कतच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय झालं. तू सांग, मी कुणाचं ऐकू?"

हारूनला एवढंच कळलं होतं की यंत्रात दोष निघाला नाही, तर तो दोष म्हातारीत निघणार आहे.

घरात पाऊल टाकताच त्याला श्वास ऐकू आला. खोटं कशाला, तो उंबऱ्यातच थांबला. संथ, लांब, आत ओढलेला श्वास, मग थोडा विराम, मग पुन्हा. ब्लोअरचा आवाज त्याने हजारदा ऐकला होता. ब्लोअर असा श्वास घेत नाही. दिवाणखान्याचा पडदा प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढला जात होता आणि सैल पडत होता.

म्हातारीची खोली कोठीला लागून होती. हाफिजा तिचं नाव. बारीक, ताठ, डोक्यावरून नारिंगी ओढणी, जमिनीवरच्या गादीवर भिंतीला टेकून बसलेली. समोर मातीच्या धुपाटण्यात लुबान जळत होता. तिचे ओठ फार लाल दिसत होते.

"तूच तो वारा आणणारा?"

"होय, उम्म अहमद. हारून." त्याची अरबी कामापुरती होती, पण तीस वर्षांच्या कामापुरती.

"दार लाव. दार लावल्यावर ती येते." आणि गादीच्या दुसऱ्या टोकाकडे बघून म्हणाली, "तिथे पाय ठेवू नकोस."

हारूनने दार लावलं. पिशवीतून वारा मोजायचं छोटं पंख्याचं यंत्र काढलं, भिंतीवरच्या जाळीसमोर धरलं आणि आकडा वहीत टिपला. वारा चांगला होता, जरा जास्तच. त्याने जाळीची पट्टी थोडी वळवली, परत मोजलं, परत टिपलं. खोली उबदार होती. बाहेरच्या गारठ्यातून आल्यावर ती ऊब अंगात पेंगेसारखी उतरत होती. मागे म्हातारी हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होती, की गुणगुणत होती. श्वास चालू होता. आत. विराम. आत.

कपाळात कुणीतरी अंगठा दाबून धरावा तसं त्याचं डोकं दुखू लागलं. घाटातलं धुकं बाधलं असेल, असं तो मनाशी म्हणाला. त्याने आकडा टिपला.

मग त्याला जाणवलं की खोलीत तिसरं माणूस आहे.

त्याने मान वळवली नाही. ऐंशीच्या घरातली बाई, एक आपण, आणि एक आणखी कुणीतरी, हे त्याच्या पाठीला कळलं, गर्दीत मागे कोण उभं आहे ते कळतं तसं. तो सावकाश फिरला. गादीच्या टोकाशी कुणी नव्हतं. पण गादी तिथे दबलेली होती. नुकतीच रुईने भरलेली नवी गादी, सगळीकडे फुगलेली, आणि त्या एका जागी खोल, गोल खळगा. लहान. मोठ्या माणसाचा नव्हे.

"आता तुलाही दिसली," हाफिजा म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. लेकराचं कौतुक पाहुण्याने केल्यावर बाईचा असतो तसा आवाज होता.

"मला काही दिसत नाही, उम्म अहमद."

"मग लिहिलंस काय?"

हारूनने वहीकडे पाहिलं. वर चार आकडे नीट होते. त्याखाली तेच चार आकडे परत, मग परत, ओळी वाकड्या होत होत पानाच्या तळाशी गेलेल्या. आणि सगळ्यांत खाली, त्याच्याच अक्षरात, मराठी शाळेतल्या वळणाने एक शब्द: झुवैना.

त्याने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली असतील असं त्याला वाटत होतं. पन्नास झाली होती.

"काय लिहिलंस, वाच," ती म्हणाली. तिला ती लिपी येत नव्हती.

त्याने वाचलं. म्हातारीने डोळे मिटले. "मी तुला तिचं नाव सांगितलं नव्हतं."

सांगितलं असेल, हारून स्वतःला बजावत होता. ती पुटपुटत होती, कानावर पडलं असेल. पण त्याचे हात गार पडले होते, आणि गुडघे आपले वाटत नव्हते.

"कोण झुवैना?"

"माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची. खालच्या त्या जुन्या वस्तीत आमचं घर होतं. एका वर्षी फार बर्फ पडलं. वडिलांनी खिडकीला कांबळं लावलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, आणि निखाऱ्यांची शेगडी आत घेतली. मी आईबरोबर गोठ्यात होते, बकरी व्यायली होती म्हणून. सकाळी दार ढकललं तर झुवैना निजलेलीच. चेहरा असा गुलाबी, ओठ लाल. आम्हाला वाटलं, ऊब मिळाली, बरी झोपलीय." हाफिजाने धुपाटण्यात लुबानचा खडा टाकला. "ती बोलत नाही. येऊन बसते आणि त्या भिंतीकडे बघत राहते."

तिने बोट दाखवलं ती भिंत कोठीची होती.

हारूनच्या डोक्यातले शब्द जड झाले होते, एकेक करून उचलावे लागत होते. फटीत चिंध्या. शेगडी आत. त्याच वेळी त्याची नजर धुपाटण्यावर गेली. लुबानचा धूर वर जात नव्हता. तो वीतभर उठून वाकत होता आणि जमिनीला चिकटून, सापासारखा, दाराखालच्या फटीतून बाहेर चालला होता.

त्याने दार उघडलं आणि तो त्या धुराच्या मागे गेला. बोळातून तो धूर सरळ कोठीच्या दाराशी पोचला होता आणि चौकटीच्या कडेकडेने आत ओढला जात होता. दर श्वासाला थोडा.

हारूनने कडी ओढली. दार उघडेना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. त्याने भिंतीला पाय लावून दोन्ही हातांनी जोर केला, आणि दार एकदम सुटलं तेव्हा एक मोठा सुस्कारा टाकून घरातली हवा त्याच्या कानांवरून आत धावली.

भट्टीची ज्योत निळी नव्हती. पिवळी होती, लांब, आणि पेटीच्या तोंडातून बाहेर वाकून जीभ काढल्यासारखी हलत होती. चिमणीतून उष्ण वारा वर जायच्या ऐवजी खाली, त्याच्या तोंडावर येत होता. समोर नळीवर त्याच्या टेपचे दोन थर, एकही सुरकुती नसलेले. दाराच्या जाळीवर टेप. पूर्ण जोराने चाललेला ब्लोअर खोलीतली हवा फिल्टरच्या झाकणातून ओढत होता, आणि सगळ्या वाटा हारूनने बंद केल्यामुळे ती खोली चिमणीतून श्वास घेत होती. जळलेला वायू खाली येत होता, ब्लोअर तो उचलत होता, आणि पहिला डक्ट म्हातारीच्या खोलीचा होता.

त्याने गॅसची चावी बंद केली. टेप ओरबाडून काढली, नखं मोडली. मग तो खोलीत परतला. परक्या बाईचा हात धरणं बरं नव्हतं, म्हणून त्याने तिच्या काठीचं एक टोक धरलं, दुसरं तिच्या हातात दिलं, आणि तिला अंगणातल्या थंडीत आणून दगडी ओट्यावर बसवलं. त्याला स्वतःला भिंतीआड जाऊन उलटी झाली.

अहमद शेजारच्या घरून आणखी दोरी आणायला गेला होता. हारूनने दयानंदला फोन लावला.

"दया, ती नळी मिस्त्री विसरला नव्हता रे. ती आगीला हवा द्यायची होती."

दयानंद हळूच म्हणाला, "पान सतरा. मी वाचलं होतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. ...कोणाला काही झालं का?"

"नाय. अजून नाय. मुलगा दुपारी म्हातारीला कायमचं खाली नेतोय."

"मग ऐका. टेप काढलीत ना? लाल वायर लावा नि खाली या. खलास. म्हातारीला भूत दिसतं असं तिचा मुलगाच सांगतोय ना? दुपारी तिला नेतोय ना? तुमचा काय संबंध? तीस वर्षं, हारूनभाई. एका दिवसात माती करणार?"

धुक्यात म्हातारी बसली होती. थंड हवेत तिचे डोळे निवळत चालले होते. तिने गाडीच्या टपावरची आपली जुनी गादी पाहिली, मग पेटी पाहिली, आणि दोन्ही तळहातांनी ओटा घट्ट धरला, कुणी उचलून नेईल म्हणून.

"दया, ठेवतो," हारून म्हणाला.

अहमद दोरी घेऊन आला. "आईला बाहेर का काढलंस? यंत्रात काही नाही ना?"

"यंत्रात काही नाही. चूक माझी आहे," हारून म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. नळी, जाळी, काळी वायर, चिमणी. एकही गोष्ट त्याने मिस्त्रीवर किंवा पुस्तिकेवर ढकलली नाही. "तुमची आई वेडी नाही. तिच्या खोलीत महिनाभर मी विष सोडत होतो. आत्ताच्या आत्ता तिला दवाखान्यात न्या."

अहमदने त्याची कॉलर धरली. मग सोडली. तो आईसमोर खाली बसला आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून म्हणाला, "आणि मी तुझ्यावर पठण करवून घेतलं."

"मला ते आवडलं," म्हातारी म्हणाली. "त्या माणसाचा आवाज गोड होता."

गावच्या आरोग्य केंद्रात तिला दोन दिवस प्राणवायू दिला. रक्तात तोच जळक्या गॅसचा वायू, कार्बन मोनॉक्साइड, निघाला. हारूनने कंपनीला आपल्या हाताने लिहून दिलं. त्याला महिनाभर घरी बसवायचं की वर्षभर वर्कशॉपमध्ये, यावर ऑफिसात विचार चालू होता. हे काम पुरं करण्यापुरती त्याने परवानगी मागून घेतली. शनिवारी तो दयानंदला घेऊन वर गेला. दयानंद वर पोचल्यावर पुस्तिका उघडून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला बसला. लाल वायर लागली. उंचावर हवा विरळ असते म्हणून गॅसची बारीक तोंडं बसली. फिल्टरच्या झाकणाला रबराची पट्टी लागली. नळी आणि जाळी उघडी राहिली. खालच्या निझवा शहरातून आणलेला, विषारी वायू मोजून ओरडणारा गजर हाफिजाच्या खोलीत भिंतीवर बसला.

पण अहमदच्या गाडीवरची दोरी सुटली नव्हती.

"मला कसं कळणार?" तो म्हणाला. "डिसेंबरमध्येही तू म्हणाला होतास, सगळं ठीक आहे. मी तिला या खोलीत परत झोपवू?"

"मी झोपेन," म्हातारी म्हणाली. "यंत्राचा दोष होता तर यंत्राला खाली घेऊन जा. मला का?"

"आधी मी बसतो," हारून म्हणाला. "दार लावून, भट्टी चालू ठेवून. तीन तास. मला काही झालं किंवा काही दिसलं, तर तुम्ही त्यांना न्या."

अहमदने बराच विचार केला आणि मान हलवली. त्या घरात एवढाच करार राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हारून त्या खोलीत गेला. तीच नवी गादी जागेवर अंथरलेली होती. तो तिच्यावर बसला नाही. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, वारा मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन बसला. म्हातारीने धुपाटणं पेटवून दिलं होतं. लुबानचा धूर काठीसारखा सरळ वर जात होता आणि छताजवळ विरत होता. भिंतीवरच्या गजरात शून्य. श्वास थांबला होता. ब्लोअर त्याच्या ओळखीच्या आवाजात, मऊ, चालला होता. नऊ वाजले. त्याने नाडी पाहिली. डोकं स्वच्छ होतं. त्याने वही काढून मुद्दाम पाढे लिहिले, एकोणीसपर्यंत, एकही चूक न करता. खिडकीबाहेर धुकं फाटलं आणि उन्हाचा चौकोन गादीवर पडला. दहा. शून्य.

साडेदहाच्या सुमारास तो बघत असताना, डोळे उघडे असताना, डोकं जागेवर असताना, उन्हाच्या त्या चौकोनात गादीचं टोक सावकाश खाली दबलं.

हारून हलला नाही. त्याने आधी गजराकडे पाहिलं. शून्य. धूर पाहिला. सरळ. मग गादी पाहिली. तोच छोटा गोल खळगा. कुणीतरी नीट, अवघडून न बसता, बसावं तसा. रुईचे तंतू आतून बारीक कुरकुरले आणि गप्प झाले. त्याच्या अंगावरचा एकूण एक केस उभा राहिला होता, पण त्याच्या लक्षात आलं की डोकं दुखत नाही, गुडघे आपलेच आहेत, आणि खोलीत त्या दिवशीसारखं काहीच ओढलं जात नाही.

अकराला दारावर थाप पडली.

"हारून?" अहमदचा आवाज. "ठीक आहेस? काही आहे का?"

बाहेर बोळात काठी टेकल्याचा आवाज आला. म्हातारीही उभी होती.

"काही नाही," हारून म्हणाला. "हवा स्वच्छ आहे. सामान उतरवा."

अंगणात दयानंदने जोरात "यल्ला!" म्हटलेलं ऐकू आलं आणि टपावर कुणीतरी चढलं. दार उघडून हाफिजा आत आली. तिने हारूनकडे पाहिलं, मग गादीकडे. मग तिने ओढणी सावरली, गादीच्या त्या टोकाला वळसा घालून, भिंतीला घसटून पलीकडे गेली, आणि आपल्या उशाशी बसली.

"या वलदी," ती हारूनला म्हणाली, म्हणजे माझ्या लेकरा. "चहा घेऊन जा."

हारून जपून उठला आणि त्यानेही त्याच बाजूने वळसा घातला.